कळकलेली कढी आणि नऊ आचारी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. लहान वाचकांनी त्याला हवे ते नाव द्यावे. थोरांनी नावावाचून भागवून घ्यावे.

त्या राज्यात घरापासून दूर राबणारी माणसे पुष्कळ होती. विणकरशाळेत विणकर, तटबंदीच्या कामावर पाथरवट, नदीच्या उतारावर नावाडी. त्यांना दुपारचे जेवण रांधून घालण्याचा मक्ता आचाऱ्यांकडे असे. राजधानीत असे नऊ मक्तेदार आचारी होते आणि त्यांचे एक मंडळ होते. अमावास्येला कामे बंद असत, म्हणून त्या दिवशी सकाळी मंडळ बाजारातल्या ओट्यावर जमे. कोणाचा पाणक्या कोणी फोडला यावर भांडण होई, आणि भांडण झाले की पान खाऊन सगळे घरी जात.

मंडळाचे प्रमुख एक म्हातारे आचारी होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. चाळीस वर्षांत त्यांच्या पंगतीतून कोणी नाक मुरडून उठले नव्हते. तरीही समोरच्याने पहिला घास तोंडात घातला की तात्यांचा जीव खालीवर होई.

या नऊ जणांची एक चांगली रीत होती. मोठी पितळी पातेली ते एकमेकांना उसनी देत. पितळेला आतून कल्हई लागते. ती झिजली आणि त्यात आंबट शिजले, की ते कळकते, आणि कळकलेले खाल्ले की माणूस आडवा होतो. आचाऱ्याच्या घरी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण गावात कल्हईवाला एकच होता. लग्नसराईत जो त्याला आधी गाठे, तो त्याला दुसऱ्याच्या दारी जाऊ देत नसे.

एके दिवशी अक्का तात्यांकडे आली. विणकरशाळेचा मक्ता या अक्काकडे होता. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने चालवला होता.

"तात्या, मोठं पातेलं द्या. कढी करायचीय. कल्हई आहे ना?"

"अगं, ने की. माझ्या भांड्याला विचारतेस?" तात्या म्हणाले.

ती गल्लीच्या टोकाला गेली आणि तात्यांना आठवले, की दोन महिने ते पातेले कल्हईला द्यायचे राहून गेले आहे. हाक मारावी असे वाटले. पण आत्ताच एवढ्या तोऱ्यात बोललो, आता काय म्हणावे, या विचारात ती दिसेनाशी झाली.

दुपारी चाळीस विणकर पोट धरून आडवे झाले. चार दिवसांत सगळे उठून मागावर बसले, पण राजाचा त्यांच्यावर फार जीव होता. त्याने रागाच्या भरात हुकूम काढला: मक्त्याच्या जेवणात यापुढे आंबट काही नको. चिंच नको, आमसूल नको, ताक नको. अक्काचा मक्ता थांबवला, आणि येत्या अमावास्येपर्यंत कारण उलगडले नाही तर तो कायमचा जाईल असे सांगितले.

अक्काला चौकशीत विचारले, पातेले कोणाचे? ती म्हणाली, "माझ्या चुलीवर होतं, म्हणजे माझंच."

हे तात्यांच्या कानावर आले आणि त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

इकडे बिनआंबटाची आमटी कोणाच्या घशाखाली उतरेना. पाथरवट विचारू लागले, "आजारी कोण आहे, आम्ही की तुम्ही? हे पथ्याचं कशाला वाढताय?" ताटे भरलेली परत येऊ लागली. तेव्हा एकेक आचारी मागच्या दाराने प्रधानांकडे जाऊ लागला.

शेवटी आंबटावरची बंदी उठवावी म्हणून तात्यांनी मंडळाच्या वतीने अर्ज लिहिला. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. चौथ्यांदा त्यात आले: "आमची सर्व भांडी चोख आहेत." त्यावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ते प्रधानांपुढे उभे राहिले.

"अक्षर सुंदर आहे, तात्या," प्रधान म्हणाले. "पण मी गोंधळलोय. या सह्यांमधले सात जण आधीच एकेकटे येऊन गेले. जो तो म्हणाला, माझी भांडी चोख, मला तेवढी सूट द्या. बाकीच्यांचं मात्र विचारू नका. म्हणजे तुमच्या प्रत्येकाविरुद्ध तुमच्याच मंडळातले साक्षीदार आहेत. आणि तुम्ही म्हणता सगळेच चोख. मग विणकर कशानं पडले?"

तात्या अर्जाची घडी घालू लागले.

"महाराजांना स्वयंपाकातलं कळत नाही, मलाही नाही. काय करावं ते तुम्ही सांगायचं. तुम्ही नुसतं कोणाला सोडावं ते सांगताय."

तात्या घरी आले ते पाय ओढत. रात्रभर त्यांनी स्वतःशी वाद घातला. खरे सांगावे तर चाळीस वर्षांचे नाव जाते. न सांगावे तर अक्काची चूल जाते.

अमावास्येला ओट्यावर मंडळ जमले. नावाड्यांचा मक्ता असलेले बाळंभट सगळ्यांत आधी बोलले. "अक्काला मंडळातून काढा. प्रधानांना कळवा, जी दोषी होती ती गेली. आमची चिंच आम्हाला परत मिळेल."

अक्का कडेला बसून सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"पातेलं माझं होतं," तात्या म्हणाले.

"तात्या, वय झालं तुमचं," बाळंभट हसले. "कोणाचंही अंगावर घेताय."

"कल्हई गेलेली होती. तिनं विचारलं, मी मोठेपणा केला. नंतर आठवलं, तरी हाक मारली नाही."

"हे आता कशाला काढलंत, तात्या?" अक्का हळूच म्हणाली.

मग बाळंभटांनी घसा खाकरला. "माझी दोन पातेली संक्रांतीपासून तशीच आहेत."

"दोनच?" अक्काने विचारले. "मी तुमच्याकडे आले होते तेव्हा पाच मोजली होती."

सगळे हसले, बाळंभटही हसले, आणि मग एकेकाचे तोंड उघडले. एकाच कल्हईवाल्याला सगळे कसे ओढतात, हेही बोलण्यात आले. दुपार होईतो भांडण झाले, पण या वेळी ते पाणक्यांवरून नव्हते.

त्या दुपारी नऊ जण पुढच्या दाराने प्रधानांकडे गेले. तात्यांनी आधी आपली चूक सांगितली, मग मंडळाचे म्हणणे मांडले: शेजारच्या गावांतून आणखी दोन कल्हईवाले मंडळ आणील, आणि ते सगळ्यांचे मिळून राहतील. दर अमावास्येला सारी पातेली ओट्यावर उपडी न ठेवता उताणी मांडायची. ज्याचे पातेले त्याने तपासायचे नाही, दुसऱ्याने तपासायचे.

"आणि दुसऱ्याने सांभाळून घेतलं तर?" प्रधानांनी विचारले.

"त्याची काळजी नको," बाळंभट म्हणाले. "एकमेकांची खोट काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. ते आपण ऐकलंच आहे."

प्रधान मोठ्याने हसले आणि राजाकडे गेले. राजाने आंबटावरचा हुकूम मागे घेतला, मंडळाची रीत हाच राज्याचा नियम केला आणि अक्काला तिचा मक्ता परत दिला. पण चूक ती चूक. तात्यांचा मक्ता वर्षभरासाठी गेला.

तात्यांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्यांना वाटले, आता आपल्याला कोण जवळ करणार?

"तात्या," मागून अक्का म्हणाली, "उद्या सकाळी लवकर या. कढी ढवळायला माणूस कमी आहे. आणि वाढताना असं घाबरून बघत उभं राहायचं नाही, विणकर जेवायचे थांबतात."

तात्या वर्षभर तिच्याकडे कढी ढवळत होते. घाबरून बघायचे मात्र त्यांना थांबवता आले नाही.

तात्पर्य: जे मंडळ आपली उणीव आधी सांगते आणि उपायही घेऊन येते, त्याचाच शब्द दरबारात चालतो.