महाराजांच्या जांभईची साक्ष

भर दरबारात बाळकोजी चोपदाराला जांभई आली, आणि त्याची नोकरी गेली!

तशी ती साधीसुधी जांभई नव्हतीच. महाराज सिंहासनावरून उठले, बाळकोजीने चांदीची काठी आपटून ललकारी दिली, "आस्ते कदम! चांदवळनरेश भूपतराव महाराऽऽऽ..." आणि 'रा'ला उघडलेलं तोंड मिटेचना! जांभई झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कुठे उरलेला 'ज' बाहेर पडला. शेजारच्या राज्याचे पाहुणे उपरण्यात तोंड लपवून हसले.

महाराज लालबुंद झाले. "माझ्या नावात जांभई? ठेव ती काठी आणि चालता हो!"

"महाराज," बाळकोजी काकुळतीला आला, "आधी आपण जांभई दिलीत. ती बघून मला आली. जांभई एकाची दुसऱ्याला लागते हो!"

झालं! आगीत तेल पडलं.

"मी? मी दिली जांभई? मी कधी जांभई देतच नाही!" महाराज गरजले. एकदा बोलले की बोलले. चूक झाली असं म्हणण्यापेक्षा त्यांनी मिशी उतरवली असती. "सोमवारी तुझी सुनावणी. मी जांभई दिली असं सांगणारा दरबारातला एक साक्षीदार आण आणि काठी घेऊन जा. नाही मिळाला, तर राहतं घरसुद्धा रिकामं कर!"

आता न्याय करणारे महाराज, फिर्यादी महाराज आणि जांभईही महाराजांचीच! अशा खटल्यात साक्ष द्यायला कोण मरायला येतो?

बाळकोजी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याच्या आज्याने, बापाने तीच काठी धरली होती. म्हाताऱ्याला रडूच फुटलं. त्याची लेक गोजरा पदर खोचून उठली.

"रडून साक्षीदार येतात का, बाबा? मी बघते कोण कोण मिळतं."

ती आधी दिवाणांच्या वाड्यावर गेली. दिवाण म्हणाले, "बाळ, त्या वेळी मी डोळे मिटून राज्याचं हित चिंतत होतो. मला काही दिसलं नाही."

"घोरतसुद्धा होता म्हणे, हित चिंतताना?" गोजराने विचारलं. दिवाणांनी दार लावून घेतलं.

सेनापती मिशा पिळत म्हणाले, "वाघ अंगावर घे म्हण, घेतो. पण महाराजांची जांभई? नको गं बाई!"

राजवैद्यांना नेमकी तेव्हा शिंक आली होती, आणि शिंकताना माणूस डोळे मिटतो असं शास्त्रच होतं.

गोजरा घरी आली ती हसतच. बाळकोजी हात जोडून आरशापुढे तालीम करत होता, "महाराज, गरिबावर दया करा..."

"हे रडगाणं बंद!" गोजरा म्हणाली. "दया मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. सोमवारी तुम्ही गप्प उभे राहा. मी बोलेन. मात्र महाराजांकडे एक मागणं पाठवा. गुन्हा जेवणानंतरच्या दरबारात घडला, तर सुनावणीही तेव्हाच व्हावी."

"अगं, पण साक्षीदार कुठायत?"

"भरपूर आहेत. फक्त त्यांची तोंडं घाबरट आहेत!"

मागणं मान्य झालं. सोमवारी महाराज भरपेट जेवून आले, मानकरीही ढेकर देत बसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"कुठंय तुझा साक्षीदार?" महाराजांनी विचारलं.

"येईलच, महाराज. आधी गुन्हा कसा घडला, तेवढं दाखवते." गोजराने आवाज अगदी संथ केला. "असंच ऊन होतं... असंच पोट भरलेलं... वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक येत होती... पापण्या अशा जड जड झाल्या होत्या... आणि मग बाबांना अशी... आऽऽऽह..."

आणि तिने अशी ऐसपैस जांभई दिली की बघत राहावं!

दिवाणांच्या नाकपुड्या फुगल्या. सेनापतींचा जबडा थरथरला. महाराजांनी दात आवळले, मूठ वळली, डोळ्यांत पाणी आलं, पण जांभई काय राजाचा हुकूम मानते? महाराजांचा जबडा उघडू लागला मात्र...

टिच्! टिच्! टिच्! टिच्!

दिवाण, सेनापती, राजवैद्य, सगळ्या मानकऱ्यांचे हात एकदम वर गेले आणि दरबारभर चुटक्या वाजल्या! राजाला जांभई आली की पदरच्या माणसांनी चुटकी वाजवायची, ही जुनी रीत. बोटांनी ती पाळली. मग सगळे आपापल्या बोटांकडे परक्याची असल्यासारखं बघत बसले.

"महाराज," गोजरा लवून म्हणाली, "आपण एक साक्षीदार मागितला होतात. अख्खा दरबार हजर आहे!"

महाराज खजील झाले, पण हटले नाहीत. "ही आजची जांभई! त्या दिवशी मी दिली होती, याला साक्ष काय?"

गोजरा एक पाऊल पुढे आली.

"महाराज, आपलं तोंड पुरतं उघडायच्या आधीच यांच्या चुटक्या वाजल्या!" गोजरा म्हणाली. "ज्या राजाने जन्मात कधी जांभई दिलीच नाही, त्याच्या दरबाराला एवढा सराव झाला कुठे?"

महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते इतके खदखदून हसले की फेटा कलंडला.

"घे बाळकोजी, तुझी काठी घे! मी दिली जांभई, चांगली मोठी दिली! आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"महाराज, जेवणानंतरचा हा दरबार तेवढा बंद करा."

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि तिथल्या तिथे फर्मान काढलं, "उद्यापासून जेवणानंतर दरबार नाही, वामकुक्षी!"

'महाराज, जरा विचार व्हावा' असं एकाही मानकऱ्याच्या मनातसुद्धा आलं नाही, असं चांदवळच्या राज्यातलं हे पहिलंच फर्मान!