लाडूबायचं वल्हं

केतकवण्याच्या खाडीवर पूल नव्हता, पैलतीराला देवाला जायचं असो की दवा आणायला, होडीवाचून इलाज नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. सांगणारे सांगत आले, ऐकणारे ऐकत आले. तुम्हीही जरा सरकून बसा आणि ऐका.

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे तेव्हा एक भोवरा होता. ओहोटी लागली की तो जागा व्हायचा. नारळ, ओंडके, होड्या, जे सापडेल ते गोल गोल फिरवत आत ओढायचा. त्याच्या तळाशी एक म्हातारी जातं घेऊन बसलेली असते आणि तिचं दळण कधी सरत नाही, असं म्हणतात.

याच खाडीवर लाडूबाय तर चालवायची, म्हणजे होडीनं माणसं पैलतीराला न्यायची-आणायची. नाव लाडूबाय, पण जिभेवर गुळाचा खडा कधी कोणाला दिसला नाही. होडीत बसणाऱ्याला म्हणायची, "नीट बस रे, होडी हाय ती, सासऱ्याची ओटी नाय!" लोक हसायचे आणि नीट बसायचे. बाई तोंडाची फटकळ होती, पण काळीज चिमणीचं. पूर्वी तशी नव्हती. नवरा गेल्यापासून झाली.

तिचा नवरा धाकू भरदुपारी बुडाला, सगळ्या कोळवाड्याच्या डोळ्यांदेखत. किनाऱ्यावर होड्या होत्या, माणसं होती, कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण कान्हूला वाटलं पोशा निघाला, पोशाला वाटलं कान्हू निघाला, आणि दोघं निघाले तोवर भोवऱ्यानं होडी फिरवून पालथी केली होती. दहाव्याला हेच सगळे गळ्यात गळा घालून रडले. लाडूबायला त्यांचा राग धड करता येईना. तिला एकच घोर लागला. मुलगा हिरू वाढत होता, बापाचीच होडी चालवणार होता. उद्या त्याची होडी उलटली, तर कोण निघेल?

म्हणून ती दारोदार फिरली. "आपल्या होड्यांचा एक मेळ करू या," म्हणाली. "एकाला लागलं की सगळ्यांनी निघायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. पण राघो तांडेल, वाड्यातला सगळ्यात जाणता माणूस, म्हणाला, "लाडूबाय, नुसत्या माना हलवून काय होतंय? सगळ्यांचं काम ते कोनाचंच नसतंय. नाईक नेमा, वार वाटून द्या. ज्याचा वार, त्यानं होडी तयार ठेवायची. चुकला तर देवीला पाच नारळ."

बोलणं बिनतोड होतं. तरी लाडूबायच्या मनात पाल चुकचुकली. ती म्हणाली, "तांडेल, वार वाटलेत तर मानसं वार बघतील. बुडनाऱ्याकडं कोन बघल?"

"आनि नाय वाटले तर?" राघोनं विचारलं.

धाकूच्या वेळी काय झालं ते तिनंच पाहिलं होतं. मेळ बांधला गेला. राघो नाईक झाला. वार वाटले गेले. पहिल्या दिवशी गुलाल उधळला, ढोल वाजला, आणि लाडूबाय घरी येऊन न जेवता निजली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी राघोचा धाकटा भाऊ, बाळ्या, जाळं ओढता ओढता भोवऱ्याच्या तोंडाशी गेला. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. "वार कोनाचा? आज वार कोनाचा?" वार पोशाचा होता. पोशा बाजाराला गेला होता आणि त्यानं आपला वार कान्हूला दिला होता. कान्हू म्हणाला, मी उद्याचा घेतला, आजचा नव्हे. दोघांचाही शब्द खरा असेल. तो शब्द खरा-खोटा करेपर्यंत बाळ्या दिसेनासा झाला.

राघो तांडेल त्या दिवसापासून बोलायचा थांबला. ओटीवर खांबाला टेकून बसायचा आणि पाण्याकडे पाहायचा. मेळ कोणी मोडला नाही, पण तो उरलाही नाही. न बांधून नवरा गेला होता, बांधून बाळ्या गेला. आता लाडूबायनं काय करावं? हिरूची होडी वळणाआड गेली की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. चुलीवरचा भात करपायचा, शेजारीण हाक मारायची, हिला ऐकूच यायचं नाही.

एका संध्याकाळी ती होडी किनाऱ्याला लावून उतरली. होडीतलं एक वल्हं तिनं खांद्यावर घेतलं, चढ चढून देवळापाशी राघोच्या घरी गेली आणि ते त्याच्या दाराला टेकवून ठेवलं.

कितीतरी दिवसांनी राघोनं तोंड उघडलं. "ह्ये काय?"

"माजं वल्हं हाय. तुज्याकडं ऱ्हाऊ दे. सकाली लागंल तेव्हा न्यायला येन."

"तुज्या घरात जागा नाय?"

"जागा हाय. पन न्यायला आले तर तुजं तोंड दिसंल. जिता हायेस का नाय ते कळंल."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली आणि वल्हं घेऊन गेली. संध्याकाळी परत ठेवलं. काही दिवसांनी राघो उठला आणि त्यानं आपलं एक वल्हं कान्हूच्या दारात नेऊन ठेवलं. कान्हू ओशाळला. मग त्यानं आपलं पोशाकडे नेलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, शपथ घातली नव्हती, पण हळूहळू वाड्यात असं एक दार उरलं नाही जिथे दुसऱ्याचं वल्हं नव्हतं. सकाळी शेजाऱ्याला उठवल्याशिवाय कोणाची होडी हलेना. भांडणं झालेली माणसंसुद्धा नाक मुरडत का होईना, एकमेकांच्या दाराशी जाऊ लागली.

"आता याचा नेम करू या का?" राघोनं एकदा भीत भीतच विचारलं.

"नको," लाडूबाय म्हणाली.

"मंग उद्या एकानं ठेवलं नाय तर?"

"नाय ठेवलं तर नाय ठेवलं." असं ती म्हणाली खरी, पण रोज दिवेलागणीला काहीतरी निमित्त काढून वाड्यातून फेरी मारायची आणि प्रत्येक दाराकडे चोरून पाहायची. आज एखादं दार रिकामं दिसेल, या भीतीनं ती वल्ही मोजत जायची. विश्वास ठेवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कोणावर पोटचा गोळा सोपवून पाहावा.

मग हिरूचं लग्न झालं, आणि त्यानंतरचा गौरी जेवणाचा दिवस आला. सगळ्या होड्या किनाऱ्याला होत्या, सगळी माणसं वर घरात पानावर बसली होती. हिरू तेवढा पैलतीरी सासुरवाडीला गेला होता, बायकोला सणाला आणायला. लाडूबाय एकटीच पाण्याशी वाट पाहत उभी होती. आणि अचानक वारा फिरला. आभाळ खाली आलं. हिरूची होडी दिसली तेव्हा ती भोवऱ्याच्या कडेला लागली होती.

लाडूबायनं हाक मारली. वाऱ्यानं ती उलटी तिच्याच तोंडात कोंबली. धावत होडीशी गेली, तर होडीत एकच वल्हं! दुसरं राघोच्या दारात, चढावर, देवळापाशी. तिनंच नेऊन ठेवलेलं. वर जावं तर मुलगा जातो, न जावं तर गावाला कळणार कसं? तिनं कपाळावर हात मारून घेतला, देवीला चार शिव्या दिल्या आणि एका वल्ह्यानिशी होडी लोटली.

एरवी एका वल्ह्यानंही होडी मागून हाकता येते. पण त्या वाऱ्यात ती सरळ जाईना. गोल फिरू लागली. आणि इथेच नवल झालं. भोवरा फिरत होता उजवीकडे आणि लाडूबायची होडी फिरू लागली डावीकडे. ती वल्हं मारत राहिली, होडी उलटी फिरत राहिली, आणि भोवऱ्याचा पीळ दोरीसारखा सुटू लागला. तळाशी बसलेल्या म्हातारीनं जात्याचा खुंटा सोडून वर पाहिलं, असं म्हणतात.

तिकडे राघोच्या ओटीवर त्याची सून ओरडली. दाराला टेकवलेलं कोरडं वल्हं निथळत होतं. खारं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. राघो भरल्या पानावरून उठला. पण त्याचं वल्हं होतं कान्हूकडे, तो कान्हूकडे धावला. कान्हूचं पोशाकडे, तो पोशाकडे धावला. पोशा पुढच्या दारी. प्रत्येकाला आपलं वल्हं दुसऱ्याच्या दारातून घ्यायचं होतं, आणि ते घेताना दुसरा उठत होता. पानांवरचा भात निवायच्या आत सगळा वाडा पाण्यात होता. वार कोणाचा, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

हिरूला आणि त्याच्या बायकोला राघोनं स्वतःच्या हातानं ओढून घेतलं. पाणी शांत झालं होतं. मधोमध लाडूबायची होडी अजून सावकाश डावीकडे फिरत होती. आत कोणी नव्हतं. वल्हंही नव्हतं.

केतकवण्याच्या मुखाशी त्या दिवसापासून भोवरा उठला नाही.

राघोनं दारातलं ते दुसरं वल्हं कोणाला हलवू दिलं नाही. हिरू न्यायला आला, तर त्यालाही म्हणाला, "न्यायला येते बोललीय ती. तिचं तिला नेऊ दे."

आजही गौरी जेवणाच्या दिवशी तिथल्या होड्या एका वल्ह्यानं मुखाशी जातात, डावीकडे एक फेरा घेतात, मगच गावात पानं वाढली जातात. आणि राघोच्या वंशातल्या घराच्या दाराला एक वल्हं टेकवलेलं असतं. कुजलं की नवीन करतात, आत मात्र घेत नाहीत.

अलीकडे तिथल्या पोरांनी पाहुण्यांना खाडी दाखवायला होड्यांचं मंडळ काढलं. मंडळ असंच चालू द्यावं की रीतसर करावं, यावर त्याच घराच्या ओटीवर पुष्कळ वाद झाला, अजून मिटलेला नाही. तालुक्याहून एक साहेब आले होते. भले गृहस्थ, मदतच करायला आले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, मंडळाचे मुख्य कोण?

घरातली म्हातारी आतूनच म्हणाली, "लाडूबाय."

"बोलावता का त्यांना जरा?" साहेब म्हणाले.

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. "येन म्हनालीय. तिचं वल्हं हाय अजून हितं."