छिन्नीताईचा शेवटचा मोर

लोखंडी पत्र्यावरची नक्षी अजून हातानेच कापली जायची, त्या दिवसांच्या अखेरीला मी तातोबा मेस्त्रींच्या कारखान्यात आलो. मी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा कटर. अक्षरओळख शून्य, आवाज मात्र गावभर.

तिथली जुनी छिन्नी मला धाकटा भाऊ मानायची. नक्षीतला मोर कापताना ती त्याच्या कडेने जागोजागी पत्र्याचा बारीक दुवा न कापता सोडायची. मी हसायचो, “दम लागला का गं ताई?”

“तू गप रे, शहाण्या!” ती म्हणायची.

एका सकाळी अर्धा मोर कापून ती मोडली. मेस्त्रींनी तिचे तुकडे फडक्यात गुंडाळले. ताईचा मोर मीच पुरा करणार, म्हणून मी पेटलो.

“अरे थांब, आधी नीट बघ तरी!” कोपऱ्यातली ऐरण ओरडली.

थांबणं मला कुठलं जमायला! उरलेली बाजू मी सरळ कापली. ताईकडून राहिलेले दुवेही साफ केले. वाटलं, ताई किती खूश झाली असती!

मोर धाडकन खाली पडला. पत्र्याला मोराएवढं भगदाड उरलं.

“शाबास! त्या दुव्यांवरच उभा होता तो,” ऐरण म्हणाली.

मेस्त्रींनी मोर उचलला. त्याची एक कड ताईची, खडबडीत. दुसरी माझी, गुळगुळीत. “आता हा जोडायचा कसा रे?” त्यांनी मला विचारलं.

मी कारखान्यातला सगळ्यांत हुशार. मला फक्त कापता येतं.