क्रूस आणि ताड

एका खाडीच्या तोंडाशी ख्रिस्ती कोळ्यांचे एक लहानसे गाव होते. गावात इनास नावाचा कोळी राहत असे. बस्त्याव त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांची होडी एक, जाळे एक, आणि दर्यावर भूक लागली की भाकरीही एकच.

त्या खाडीत शिरायची वाट मोठी नाजूक होती. दोन्ही बाजूंना धारदार खडक. म्हणून जुन्या माणसांनी एक खूण ठरवून दिली होती. किनाऱ्यावर चर्चच्या शिखराला क्रूस होता आणि त्याच्या मागे, दूर टेकडीवर, एक उंच ताड. समुद्रातून येताना क्रूस आणि ताड एकामागे एक दिसले की होडी बरोबर वाटेवर आहे असे समजायचे. इनास सुकाणू धरून क्रूस बघायचा. पुढे बसलेला बस्त्याव ताड बघायचा आणि तो क्रूसामागे आला की गाणे अर्धे टाकून ओरडायचा, "आला रे आला!"

पुढे इनासच्या मनात भक्ती दाटली. दाटली ते चांगलेच झाले, पण अति तिथे माती. बस्त्यावची गाणी त्याला चावट वाटू लागली. ताड तर डोळ्यांसमोर नकोसा झाला, कारण त्याला ताडीची मडकी लटकत.

एके दिवशी तो म्हणाला, "बस्त्याव, मी देवाची वाट धरलीय. यापुढं एकटाच जाईन. मला क्रूस पुरे."

"अन् मी काय सैतानाच्या वाटेनं चाललोय?" बस्त्यावने विचारले. इनास एकट्यानेच जाळे गोळा करू लागला. बस्त्यावच्या मनाला ते फार लागले. होडी त्याने मित्राला सोडली आणि आपण गळ घेऊन खडकांवर मासे धरू लागला.

एका सकाळी इनास एकटाच परतत होता. पाण्यावर दाट धुके साईसारखे धरले होते. होडी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, कळत नव्हते. बगळे धुक्यातून वर येत आणि पुन्हा धुक्यात विरून जात. वर मात्र कोवळ्या उन्हात क्रूस तरंगत होता. इनासला वाटले, आपण समुद्रात नाहीच, आभाळातून चाललो आहोत, आणि देव आपल्याला जवळ बोलावतो आहे. त्याचा ऊर भरून आला. होडीचे तोंड क्रूसाकडे धरून तो मोठ्याने प्रार्थना म्हणू लागला. पाण्याची ओढ होडीला हळूहळू उजवीकडे नेत होती, ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. क्रूस तर समोरच होता!

इतक्यात धुक्यातून हाक आली, "इनास! क्रूस सोड! ताड बघ! डावीकडं घे!"

क्रूस सोड? इनास शहारला. असे तर सैतानच बोलतो. त्याने सुकाणू आणखी घट्ट धरले. पण आवाज बस्त्यावचा होता. त्या आवाजाने जन्मभर त्याची थट्टा केली होती, दगा कधी दिला नव्हता. खडकावर फुटणाऱ्या लाटा आता अगदी जवळ ऐकू येत होत्या. "देवा, चुकत असेन तर माफ कर," असे म्हणत इनासने रडत रडत होडीचे तोंड क्रूसावरून वळवले.

क्रूस उजवीकडे सरकू लागला. सरकत सरकत ताडाच्या पुढ्यात येऊन थांबला. त्याच वेळी होडीच्या उजव्या अंगाला, हात पोचेल इतक्या जवळ, काळा खडक धुक्यातून वर आला. त्यावर बस्त्याव उभा होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"तुझी प्रार्थना ऐकली अन् काळजात धस्स झालं," तो म्हणाला. "नको त्या बाजूनं येत होती."

"मी तर क्रूसाकडंच बघत होतो रे," इनास कसाबसा म्हणाला.

"क्रूस काय, मलाही इथून दिसतोय. पण इथून होडी आत जाते का?"

इनासने होडी खडकाजवळ थोपवली. त्याने हात पुढे केला. "चढ होडीत. अन् गाणं म्हण."

"माझा घसा गेलाय. आज तूच म्हण," बस्त्याव म्हणाला.

इनासने आयुष्यात पहिल्यांदाच गाणे म्हटले, आणि तेही अगदी बेसूर.

तात्पर्य: देवाकडे तोंड केले म्हणजे वाट सापडलीच असे नाही, आपण कुठे वाहवत चाललो आहोत हे दाखवायला त्यानेच झाडे लावली आहेत आणि मित्र दिले आहेत.