न मोजलेल्या फेऱ्या

माळावरच्या एका गावात दर वर्षी मोटारींची शर्यत भरत असे. मातीचा गोल मार्ग, जुन्या गाड्या आणि तीस फेऱ्या. जिंकणारा राज्याच्या शर्यतीला जाई.

त्या गावात केरबा नावाचा चालक राहत होता. वळणावर गाडी घ्यावी तर केरबानेच, असे लोक म्हणत. गाडीची दुरुस्ती त्याची थोरली बहीण शेवंता बघे. दोनदा त्याचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. यंदा काहीही होवो, जिंकायचेच, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

शर्यतीचा एक नियम होता. मध्ये एकदा टायर बदलायला गाडी बाजूच्या गल्लीत आणायची आणि तिथे ती बैलगाडीच्या चालीनेच चालवायची. कारण गल्लीत माणसे पायी वावरत. कोणी वेग वाढवला, तर पंच काळे निशाण दाखवत. शिक्षा लहानशीच होती. तीन फेऱ्यांच्या आत पुन्हा गल्लीत शिरायचे, सावकाश तिच्यातून जायचे आणि शर्यतीत परतायचे. जो येत नसे, त्याच्या पुढच्या फेऱ्या तो येईपर्यंत मोजल्या जात नसत.

पंधराव्या फेरीला केरबा सर्वांत पुढे होता. तो गल्लीत आला. शेवंताने भराभर टायर बदलून घेतले.

"बाहेर पडेपर्यंत दमानं जा रे," ती म्हणाली.

पण आरशात दुसऱ्या नंबरवरच्या विलास पाथरवटाची गाडी दिसली आणि केरबाचा पाय दाबला गेला. गल्ली संपायला वीसेक पावले उरली होती. तेवढ्यात गाडी उसळली.

पंच हैदरभाईंनी काळे निशाण वर केले. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेला तो माणूस कोणाचे तोंड बघून निर्णय देत नसे.

"वीस पावलांसाठी शिक्षा!" केरबा पुटपुटला आणि त्याने गाडी तशीच दामटली.

थोड्या वेळाने विलासलाही निशाण दिसले. त्याच्या माणसाच्या हातून सुटलेला टायर गल्लीत घरंगळला होता आणि त्यालाही तीच शिक्षा होती. विलासने चरफडत स्टिअरिंगवर हात आपटला, पण पुढच्याच फेरीला तो आत गेला. बाहेर आला तेव्हा पाचवा होता. केरबाला हसू आले.

प्रत्येक फेरीला शेवंता कठड्याशी उभी राहून हातवारे करी, आत ये, आत ये. पहिल्यांदा केरबाने तिच्याकडे पाहिले. दुसऱ्यांदा पाहून न पाहिल्यासारखे केले. तिसऱ्यांदा मान फिरवली. चौथ्या फेरीला त्याला वाटले, अजूनही जावे. निदान उरलेल्या फेऱ्या तरी मोजतील. पण आता आत जाणे म्हणजे आधीचा हट्टही चुकला हे साऱ्या गावासमोर कबूल करणे. ते काही त्याला जमेना. प्रत्येक फेरीला ते आणखी अवघड होत गेले.

शेवटची रेषा त्यानेच आधी ओलांडली. टाळी मात्र वाजली नाही. एकेक गाडी मागे टाकत आलेल्या विलासचे नाव पुकारले गेले.

केरबा तरातरा हैदरभाईंकडे गेला. "एवढ्याशा चुकीला एवढी मोठी शिक्षा, चाचा?"

"मी तर अर्ध्या मिनिटाचीच दिली होती, बाळा," हैदरभाई शांतपणे म्हणाले. "ती तू घेतली नाहीस. बाकीची तुझी तूच वाढवत नेलीस."

केरबाने बहिणीकडे पाहिले. ती आपल्या बाजूने बोलेल असे त्याला वाटले होते.

"तू गाडी उसळवलीस ना, तेव्हा पलीकडच्या गाडीचा माणूस पाना उचलायला वाकला होता," शेवंता म्हणाली. "मी तुझ्या गाडीसोबत चालत आले होते, त्याला दंडाला धरून मागं ओढलं, म्हणून वाचला. त्या वीस पावलांतच होता तो."

लोक पांगू लागले होते. केरबा गाडीत बसला आणि गल्लीच्या तोंडाशी आला. तिथून बैलगाडीच्या चालीने, एकेका माणसाला वाट देत, तो दुसऱ्या टोकापर्यंत गेला. कोणी हसले, कोणी बोट दाखवले. त्याने वेग वाढवला नाही.

तात्पर्य: लहान चुकीची शिक्षा लहानच असते, ती वेळेवर पत्करावी, हट्टाने टाळली, तर चुकीपेक्षा हट्टच अधिक महागात पडतो.