आधी पोहोचेल तो हरला

खरवंडीकर सरांचा तलवारबाजीचा हॉल म्हणजे नुसता वेग. तिथं शलाका मात्र रोज सकाळी सरावाआधी ताई ची करायची, पाण्यातून चालल्यासारखी ती संथ चिनी कवायत. राज्य संघाच्या निवडीच्या दिवशी सरांनी तिला सगळ्यांसमोर अडवलं.

"हे चिनी नाटक बंद कर, नाहीतर संघातून तुझं नाव कापतो! इथं पापणी लवायच्या आत वार होतो. संथपणा काय कामाचा?"

"सर, आपण दोघं एकेक लंज मारू," शलाका म्हणाली. "पाऊल टाकून तलवार पुढे न्यायची, तेवढंच. पण जो आधी पोहोचेल तो हरला."

"हळू जायला काय अक्कल लागते?" म्हणत सर तलवार घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

दोघांनी पाऊल उचललं. शलाकाचं पाऊल हवेतून सरकत राहिलं, तलवारीचं टोकही थरथरलं नाही. सरांच्या मागच्या पायाचा गुडघा लटपटला, हात भिरभिरले आणि ते धपकन खाली बसले. हसायची कुणाची छाती झाली नाही.

शलाकानं त्यांना हात दिला. "सर, तोल तुमचा रोजच जातो. वेगात तो दिसत नाही, एवढंच."

नाव कापायची भाषा पुन्हा निघाली नाही. हॉल मात्र सकाळी आता सरच लवकर उघडतात, संथ पाऊल टाकायच्या सरावासाठी.