ठमाईचं पाणी

"ठेव तो धोंडा खाली, वैनी! द्येवाच्या पाण्यात धोंडा टाकतीस व्हय?"

"पानी असंल तर द्येवाचं. आधी पानी हाय का, ते बघू दे मला, भावजी."

"डोळं फुटलं का तुझं? ह्ये समोर पसरलंय ते काय ताक हाय?"

माणसं हसली. हसली खरी, पण त्या हसण्याची लाज त्यांना पुढं जन्मभर पुरली.

तर मंडळी, हे भांडण चाललं होतं आडव्या सड्यावर, भर पावसात, कड्याकपारी हातानं चाचपाव्या लागतील अशा धुक्यात. फार वर्षं झाली त्याला. किती, ते मला विचारू नका. तेव्हा खाली धरण नव्हतं, डांबरी रस्ता नव्हता. सड्याच्या पायथ्याला आमचा झोरेवाडा तेवढा होता, म्हशी राखणाऱ्या धनगरांचा. भांडत होती ती ठमाई, आणि तिच्यासमोर उभा होता तिचा दीर कोंडू, देवाचा पुजारी. दोघांच्या मध्ये ठमाईची सून लगमी, त्याच साली लग्न होऊन आलेली, डोक्यावर देवाची पाटी, म्हणजे देव ठेवलेली टोपली, घेऊन उभी होती.

सडा म्हणजे काळ्या कातळाचं पठार. उन्हाळ्यात तापल्या तव्यासारखं, पाय ठेववत नाही. पण आषाढाचा पाऊस बसून लागला की मधल्या खोलगटात पाणी साठतं आणि बघता बघता तळं उभं राहतं. दसऱ्याला जावं तर तिथं नुसता चिखल. दिवाळीला चिखलसुद्धा नाही. येतं आणि जातं, कुणी खणलं नाही, कुणी बांधलं नाही, म्हणून ते देवाचं पाणी, असं म्हणतात.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी वाड्यानं देवाला घेऊन तिथं चढायचं. त्या सालची नवी सून देवाची पाटी डोक्यावर घेणार आणि पाण्यात पहिलं पाऊल टाकणार. गुडघाभर पाण्यात देवाला अंघोळ घातली की मग म्हशी सड्यावर चरायला सुटणार. पहिलं पाऊल हा फार मोठा मान. आणि एक नेम असा, की देवाच्या पाण्याची परीक्षा घ्यायची नाही. त्यात धोंडा टाकायचा नाही, काठी घालायची नाही, थुंकायचं तर नाहीच नाही. आलं समोर की हात जोडायचे आणि शिरायचं.

त्या साली आषाढ कोरडा गेला. पाऊस लागला तो श्रावण उजाडल्यावर, आणि असा लागला की पन्हाळीखाली उभं राहिल्यासारखं. शहाण्या माणसानं रविवार पुढं ढकलला असता. पण देवाचा दिवस ढकलायचा कसा? निघाली मंडळी. नेहमीच्या वाटेवरचा ओढा फुगलेला, म्हणून वळसा घालून चढली. वर पोचतात तो धुकं. पुढच्याच्या घोंगडीचं टोक मागच्यानं धरायचं, त्याच्या घोंगडीचं टोक त्याच्या मागच्यानं. अशी माळ करून चालत राहिली. उजवं कुठलं, डावं कुठलं, कुणाला कळेना. कोंडू पुढं होता, म्हणून सगळी त्याच्यामागं.

आणि एकदम पुढ्यात पांढरं शुभ्र पसरलं. कातळाच्या काठाला लागून, सपाट, जराही न हलता. दुधानं भरलेली कासंडी जशी.

"आलं! द्येवाचं पानी आलं!" कोंडू ओरडला. माणसांनी जिथल्या तिथं हात जोडले. लगमीनं पाटी सावरली आणि पुढं झाली.

तेवढ्यात ठमाई आडवी आली.

"थांब. बेडकं कुठं हाईत?"

"काय?"

"तळं हाय नव्हं? मग बेडूक का वरडंना? पावसाचं थेंब पडत्यात, त्येंचा आवाज का येईना?"

"द्येवाला बघून गप बसल्यात बेडकं," कोंडू म्हणाला. "तुझ्यावानी न्हाईत ती."

पुन्हा हशा. ठमाईनं काठी खाली घातली. काठी आत गेली, वर आली, ओली. पण त्या पावसात कोरडी काठी होती कुणाकडं? कोंडू संतापला, नेम मोडला म्हणून अंगावर धावून आला. तेव्हाच ठमाईनं धोंडा उचलला. तो पडला की आवाज यायलाच हवा, एवढं सरळ होतं तिचं म्हणणं. पण कोंडूनं आणि त्याच्या भावकीतल्या एकानं तिचं मनगट पिरगाळलं आणि धोंडा हातातून काढून घेतला. हे सगळं देवासाठी, बरं का! देवाचं पाणी बाटू नये म्हणून!

आणि मग मागून हौसाक्का बोलली. वाड्यातली मोठी बाई, जिभेला हाड नाही. "अवो, सोडा की तिला. सुनंचा मान बघवंना झालाय. पोटात दुखतंय तिच्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. कारण ते खोटं नव्हतं. ठमाईचं आणि लगमीचं एक दिवस पटलं नव्हतं. चुलीतल्या राखेवरून, म्हशीच्या दाव्यावरून, भाकरी जाड झाली म्हणून, पातळ झाली म्हणून, यांचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. त्यामुळं ठमाई सुनेच्या भल्याचं बोलतेय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खुद्द लगमीच्याही नाही. ती म्हणाली, "सरा की बाजूला, आत्याबाई. जाऊ द्या मला." आणि तिनं पाय उचलला.

ठमाईनं तिला कोपरानं मागं लोटलं. मग कासोटा आवळला आणि एक वाक्य बोलली. त्या वाक्यानं भांडण मिटलं, पुजारी दोन पावलं मागं सरला, हौसाक्कानं तोंडावर पदर घेतला. ते वाक्य आमच्याकडं कथेच्या मध्ये बोलत नाहीत, शेवटी बोलतात. मीही शेवटीच सांगीन.

बोलली आणि चालती झाली. देवाची पाटी लगमीच्याच डोक्यावर राहिली. देवाला तिनं मागं ठेवलं, असं म्हणतात.

पहिलं पाऊल पडलं आणि काही झालं नाही. दुसरं पडलं. ती त्या पांढऱ्यावरून चालत गेली, घोटासुद्धा बुडाला नाही. ढगानं तिला पेललं होतं, असं म्हणतात. काठावरच्या माणसांना काय वाटलं असेल? माणसं खूश झाली! कोंडू लगमीकडं वळला. "बघ, घोट्याएवढं बी न्हाई. उगा कटकट केली म्हातारीनं. जा आता."

ठमाई वळली. सुनेकडं तिनं एकदाच पाहिलं. आणि मग ती तिथं नव्हती.

छपाक झालं नाही, डुबुक झालं नाही, किंकाळीही नाही. आत्ता होती, आत्ता नाही.

मग वारा सुटला. ते पांढरं फाटलं. आणि त्या फटीतून खाली, खूप खाली, झाडांचे शेंडे दिसले, आणि नदी दिसली सुतळीएवढी.

तळं नव्हतंच तिथं. कडा होता. ढगानं काठोकाठ भरलेली दरी होती, आणि सबंध वाडा हात जोडून तिच्या ओठावर उभा होता. लगमीच्या पायाची बोटं कातळाच्या बाहेर आली होती. तिच्या बोटांखालचा खडा सुटला आणि गेला. तो पडल्याचा आवाज कुणाच्याही कानापर्यंत आला नाही.

कुणी रडलं नाही. रडायला आत काहीतरी हलावं लागतं. सगळी माणसं जागच्या जागी खाली बसली आणि ढुंगणावर सरकत सरकत मागं आली, बाप्ये, बाया, म्हातारे. कोंडूचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यातून शब्द निघाला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढंही कधी नाही, असं म्हणतात.

परतताना ती मंडळी सड्याच्या मधल्या खोलगटाशी आली. इथं आता पाणी भरत होतं. पाऊस कोसळत होता आणि तळं डोळ्यांदेखत वर चढत होतं. बेडकं अशी ओरडत होती की कान किटावेत. आणि पाण्याच्या मधोमध ठमाईची घोंगडी तरंगत होती. बाई गेली दरीत, घोंगडी आली तळ्यात. कशी? मला विचारू नका. दरीत उतरून माणसांनी शोधलं, तिथं केसही सापडला नाही.

लगमी पाण्यात शिरली आणि घोंगडी काढून अंगावर घेतली. ती ओली घोंगडी तिच्या अंगावर पडल्या पडल्या सुकली, असं म्हणतात. लगमी पुढं खूप जगली. ठमाईला कुणी देवी म्हणू लागलं की ती चिडायची. "खाष्ट व्हती माझी सासू," म्हणायची, "तिला ग्वाड करून सांगू नगासा."

काही लोक म्हणतात, म्हातारीला काय कळत होतं, पाय घसरला तिचा. असं म्हणणाऱ्यांनी यावं माझ्यासमोर. घसरणारी बाई आधी कासोटा आवळत नाही.

आजही श्रावणातल्या पहिल्या रविवारी झोरेवाडा सड्यावर चढतो. पुण्याहून बूट घालून येणारी पोरंही आता येतात, येऊ देत. पण नेम सगळ्यांना एकच, आणि तो जुन्या नेमाच्या उलटा. पाण्याशी आलं की आधी धोंडा. पुजारी सगळ्यात मागं उभा राहतो. वाड्यातली सर्वांत जुनी सासू धोंडा उचलते. तो पडून पाण्याचा आवाज येईपर्यंत कुणी हात जोडत नाही, देवाची पाटीसुद्धा पुढं सरकत नाही. धुकं असो वा लख्ख ऊन. देवाला याचा राग येत नाही, आणि आला तर त्यानं ठमाईशी बोलावं.

आणि धोंडा टाकण्याआधी ती सासू आपल्या सुनेकडं वळते आणि ठमाई बोलली होती तेच, तितक्याच रागानं, सगळ्या सड्याला ऐकू जाईल असं बोलते:

"व्हय, न्हाई बघवत मला सुनंचा मान! हो मागं, पोरी, पयलं पाऊल मीच टाकनार!"